सही मिळाली एकदाची!

फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव म्हणजे डिसेंबरची थंडी, धूळ आणि रांगा. आज आवडत्या लेखकाच्या सहीसाठी उभी होते आणि रांग काही केल्या हलेना. कारण हे गृहस्थ प्रत्येकाला नाव विचारत होते, वर आडनावातली वेलांटी पहिली की दुसरी तेही!

माझ्या पुढच्या काकूंनी पिशवीतून पार खिळखिळी झालेली प्रत काढली. "नवी नाही घेतली हो," त्या ओशाळून म्हणाल्या. लेखकमहाशय समासातल्या पेन्सिलीच्या खुणा वाचतच बसले. एका पानावर लिहिलं होतं, 'हे पटलं नाही.' त्याच्याच खाली त्यांनी लिहिलं, 'आता मलाही पटत नाही' आणि तिथेच सही ठोकली. काकू हसून हसून लाल!

मागून "आटपा की" सुरूच होतं. सेल्फी काढून पुस्तक न घेताच सटकणारेही होतेच. (स्टॉलवरच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.) मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला कधीकधी वर्षं लागतात, तिथे निदान शंभराची नोट तरी मोडा राव.

माझी पाळी आली तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरले. "मी तुमचं सगळं वाचलंय," एवढंच बोलले. "मग पुढचं कधी लिहू?" असं त्यांनीच विचारलं.

रविवारी पुन्हा जातेय. कोण येतंय? बॉलपेन आपलं न्या, तिथल्या जेलपेनची शाई गुळगुळीत कागदावर पसरते.