ओढल्या जाणाऱ्या गाडीचाही चालक असतो

मागच्या दिवाळीत भाऊबीज आटोपून आईला घेऊन कराडहून साताऱ्याला येत असताना नागठाण्याच्या अलीकडे माझी गाडी चालता चालता बंद पडली. टायमिंग बेल्ट तुटला होता, हे नंतर फिटरने सांगितले. त्या वेळी एवढेच कळत होते, की स्टार्टर फिरतो आहे आणि इंजिन काही धरत नाही. नागठाण्यात राहणाऱ्या चुलतभावाला फोन केला, तेव्हा तो आपली पिकअप, एक जाड दोरखंड आणि सतरा वर्षांचा मुलगा यांसह अर्ध्या तासात हजर झाला. आईला रस्त्याच्या कडेला ताटकळत ठेवणे नको, म्हणून तिला पिकअपच्या केबिनमध्ये बसवले, तिच्याजवळ मी बसलो आणि माझ्या गाडीचे स्टेअरिंग पुतण्याच्या हाती दिले. गाडी आपल्या इंजिनावर चालणारच नव्हती, त्यामुळे यात काही चुकते आहे, अशी शंकाही मला आली नाही.

सर्व्हिस रोडने जेमतेम दोन किलोमीटर गेलो असू, तोच एका वाहतूक हवालदाराने हात केला. त्यांनी माझी किंवा भावाची कागदपत्रे मागितली नाहीत; ते सरळ मागच्या गाडीच्या खिडकीशी गेले आणि परत येऊन म्हणाले, "पोराचं लायसन कुठाय?" भाऊ म्हणाला, "साहेब, गाडी तर मी ओढतोय, त्यानं नुसतं स्टेरिंग धरलंय." त्यावर हवालदारांनी दिलेले उत्तर माझ्या कायमचे लक्षात राहिले आहे. "मग ब्रेक कोण मारणार? तुम्ही का?"

पुढे मोटार वाहन कायदा, १९८८ उघडून पाहिला, तेव्हा त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर कायद्याने सुरुवातीलाच देऊन ठेवले आहे, असे आढळले. कलम २ मध्ये व्याख्या आहेत आणि त्यांतील नवव्या पोटकलमात ‘चालक’ या शब्दाची व्याख्या आहे. एक मोटार दुसऱ्या मोटारीने ओढली जात असेल, तर ओढल्या जाणाऱ्या गाडीचे सुकाणू सांभाळणारी व्यक्तीही चालकच, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे दोरीच्या दोन्ही टोकांना एकेक चालक असतो आणि परवाना दोघांनाही लागतो. मागे बसलेला मुलगा अल्पवयीन असेल, तर गोष्ट आणखी गंभीर होते, कारण २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-क नुसार अल्पवयीनाने केलेल्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आईच्या शेजारी बसता यावे, एवढ्यासाठी मी पुतण्याला आणि त्याच्या वडिलांना केवढ्या संकटात लोटत होतो, हे आठवले, की आजही जिवाला लागते.

मुळात एका गाडीने दुसरी गाडी ओढायला आपल्याकडे सरसकट मुभा नाही. १९८९ साली केंद्र सरकारने केलेल्या रस्त्यावरील वर्तनाच्या विनियमांत ओढता येणाऱ्या वाहनांची मोजणीच केली होती: यांत्रिक बिघाडाने बंद पडलेली गाडी, जोडणी पूर्ण न झालेली गाडी, नोंदणी झालेला ट्रेलर आणि साइडकार. ओढून न्यायचे, तेही पोहोचवण्यापुरते किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत अथवा पेट्रोलपंपापर्यंत. धडधाकट गाडी डिझेल वाचावे म्हणून दुसऱ्या गाडीला बांधून न्यायची सोय त्यात नाही. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी या विनियमांची जागा घेतली असली, तरी ओढण्याच्या अटींचा गाभा तोच राहिला आहे. या विनियमांचा भंग केल्यास कलम १७७-क खाली पाचशे ते एक हजार रुपये दंड आहे. ‘जवळच्या’ या शब्दापाशी मात्र मी थबकलो, कारण साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या फिटरकडेच गाडी न्यायची, या हट्टापायी वाटेतली दोन गॅरेजे आम्ही मागे टाकणार होतो.

जुन्या विनियमांतले आकडे नीट समजून घेण्यासारखे आहेत. दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नको, दोरी किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी हवी आणि मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पृष्ठभागावर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ (म्हणजे गाडी ओढली जात आहे) असे लिहिलेले हवे. ताशी २४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पाच मीटर अंतर पाऊण सेकंदात कापते. पुढच्याने ब्रेक दाबल्यावर मागच्याला तेवढाच अवधी मिळतो. हाच वेग चाळीसवर नेला, तर अर्धा सेकंदही हाती उरत नाही. अंतर वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण दोरी लांब झाली, की मधल्या फटीत दुचाकीस्वार शिरतात आणि ताणलेली दोरी त्यांना गळ्याशी येईपर्यंत दिसत नाही.

हवालदारांनी आम्हाला दंड केला नाही. पुतण्याला खाली उतरवून त्यांनी माझा परवाना पाहिला आणि मला मागे बसायला सांगितले. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून काळा ऑइलपेंट घेऊन भावाने खताच्या पोत्याच्या पांढऱ्या बाजूवर अक्षरे काढली आणि ते पोते डिकीला बांधले; आईजवळचा लाल रुमाल दोरीच्या मधोमध आला. मग मी स्टेअरिंगवर बसलो आणि सतरा वर्षांच्या मुलाला आपण कशाला जुंपले होते, ते मला पहिल्या शंभर मीटरांतच कळले. इंजिन बंद असले, की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपतो आणि त्यानंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. सारे वजन पायावर टाकावे, तेव्हा कुठे गाडीचा वेग कमी होतो. स्टेअरिंग दोन्ही हातांनी खेचावे लागते. किल्ली चालू स्थितीत नसेल, तर वळणावर स्टेअरिंगचे कुलूप लागू शकते आणि इंडिकेटर तर बंद राहतात, काही गाड्यांत ब्रेकलाइटही. दोरी सैल पडू नये, म्हणून मागच्यालाच हलका ब्रेक धरून ठेवावा लागतो, नाहीतर पुढची गाडी निघताना जो हिसका बसतो, त्यात दोर तुटतो किंवा हुकाची जागाच उपटून येते. सपाट रस्त्यावर ही अवस्था, तर खंबाटकी किंवा पसरणी घाटात दोरीने गाडी ओढणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, असे माझे ठाम मत आहे. घाटात क्रेनच बोलवावी. पुढची चाके उचलून घट्ट बांधलेली असली, तर मागे चालक बसवण्याची अटही उरत नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

आम्ही साताऱ्याचा नाद सोडला आणि पुढच्याच गॅरेजमध्ये थांबलो. तिथल्या फिटरने आणखी एक गोष्ट सांगितली. ऑटोमॅटिक गिअरची गाडी, इंजिनाने फिरणारी चाके जमिनीवर ठेवून, अशी ओढून नेली, तर इंजिन बंद असल्याने गिअरबॉक्समधला तेलाचा पंप चालत नाही आणि दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो. माझी गाडी हाताने गिअर टाकायची, म्हणून निभावले.

भावाने डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. मालवाहू गाडीच्या प्रचलित विमा पॉलिसीत बंद पडलेली एक गाडी ओढण्याची मुभा असते, पण मोबदला न घेण्याच्या अटीवर, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने आपले नाते पाळले होते. ओढल्या जाणाऱ्या गाडीचे नुकसान मात्र त्या पॉलिसीत बसत नाही, त्यामुळे दोरीने चिरलेला बंपर मी माझ्या खर्चाने बदलला.

आता डिकीत साडेचार मीटरचा पट्टा असतो, त्याला दर हातभर अंतरावर लाल चिंध्या बांधल्या आहेत, आणि पांढऱ्या पत्र्यावर रंगवलेली पाटी असते. बंपरवरचे छोटे झाकण काढून ओढण्याचा हुक कुठे बसतो, हे पुतण्याला दाखवले आहे. तो या वैशाखात अठरा पूर्ण करेल.