न खरवडलेली पट्टी

दुपारी जेवून जरा कुठे आडवा झालो, तर घर शाकारणारा माणूस दारात. मे संपत आलेला. तो आत्ता परत गेला असता तर थेट दसऱ्यालाच भेटला असता. त्याला आंतोनच्या घराची चावी हवी होती. आंतोन इंग्लंडातल्या स्विंडनला गेल्यापासून चावी आमच्याकडे असते. आमच्याकडे म्हणजे नक्की कुठे, हे दर वर्षी नव्यानं शोधावं लागतं.

चावीच्या आधी डब्यात सापडलं ते कार्ड. दमटपणानं कडा फुगलेल्या, मागं गंजलेल्या टाचणीचा डाग, आणि मधोमध ती करडी पट्टी, अजून अखंड.

पहिल्या ख्रिसमसला आला तेव्हा आंतोननं माझ्यासाठी निन्टेन्डो डीएस आणलं होतं. यंत्र वापरलेलं, पण गेम मात्र कोरा. त्याच्याच डबीत हे कार्ड होतं. पट्टी खरवडायची, खालचा कोड क्लब निन्टेन्डोच्या साइटवर टाकायचा, की खात्यात तारे जमा. युरोपात तारे, अमेरिकेत म्हणे नाणी. त्यांच्या बदल्यात कंपनी पोस्टर, पत्ते, खेळांतल्या पात्रांचे पुतळे असलं काहीबाही घरपोच पाठवायची. अर्थात फोंड्याला नाही. आंतोन म्हणाला, "कोड सांग रे, हांव मागयतां."

कोड सांगायचा तर पट्टी खरवडायला हवी. तिथंच माझं अडलं.

मी मूळचाच तसा. नव्या वहीचं पहिलं पान मी कोरं सोडतो. भेट आलेला साबण कपाटात ठेवून ठेवून शेवटी त्याचा वास कपड्यांना लागतो आणि साबणाला काही उरत नाही. १९९९ साली बिस्किटांच्या वेष्टनांवर धावा छापून यायच्या. १०० धावा झाल्या की दुकानात द्यायच्या आणि पुस्तिका घ्यायची. तिच्यातही खरवडायचंच, आणि नशीब असलंच तर थेट इंग्लंडला, विश्वचषक बघायला. आंतोननं धावा जमल्या रे जमल्या की गाड्यावरच्या मामाला दिल्या, तिथंच उभ्या उभ्या नखानं खरवडलं, काही लागलं नाही, आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांची बिस्किटं खात घरी गेला.

माझ्याकडे ११२ होत्या. तरी दिल्या नाहीत. रोज संध्याकाळी अंथरुणावर मांडून मोजायचो. चारची वेगळी, सहाची वेगळी, एकेकट्यांची गड्डी रबर लावून. देऊन टाकल्या तर मोजायचं काय? शेवटी मुंग्या लागल्या आणि आईनं सगळा ऐवज आंघोळीचं पाणी तापवायच्या भाणाखाली घातला. वेष्टनं आधी आकसली, मग हिरवट ज्योत निघाली, आणि त्या दिवशी आंघोळीच्या पाण्याला करपलेल्या दुधाचा वास होता. भारत सुपर सिक्समध्येच गारद झाला, तेवढंच समाधान.

इंग्लंडला शेवटी गेला तो आंतोनच. त्याचा आजा १९६१ च्या आधीचा, गोव्यातल्या पोर्तुगीज राज्यातला, तेवढ्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट, आणि तेव्हा त्या पासपोर्टावर इंग्लंडात राहता यायचं.

त्या क्लबाच्या बक्षिसांत कुठे कुठे हानाफुडा या जपानी पत्त्यांचा जोडही असे. मला तो हवा होता, अजूनही हवा आहे. ही कंपनी १८८९ मध्ये क्योतोत सुरू झाली ती हेच पत्ते करण्यासाठी. मारिओबिरिओ सगळं नंतरचं. ४८ पत्ते, १२ महिने, प्रत्येक महिन्याला ४. जानेवारीला पाइन, मार्चला चेरीचा बहर, ऑगस्टला गवतावर उगवलेला चंद्र, आणि पाऊस येतो तो नोव्हेंबरात, तोही एका पत्त्यावर छत्री धरलेल्या माणसापुरता. आमच्याकडे असा जोड काढला असता तर जून ते सप्टेंबर सोळाच्या सोळा पत्ते ओले निघाले असते. चवथीच्या रात्री, गणपतीवर फळंपानं टांगलेल्या माटोळीखाली बसून खेळायला काय बहार आली असती! भिडू पुरे नसतात हल्ली, ते सोडा.

तर मी खरवडलं नाही. सवडीनं खरवडू म्हटलं. २०१५ च्या सप्टेंबरअखेर युरोपातला क्लब बंद झाला, ताऱ्यांसकट. पुढच्या वर्षी कंपनीनं नवी योजना आणली, तिच्यात सोन्याचे आणि प्लॅटिनमचे गुण. त्यातले सोन्याचे २०२५ मध्ये देणं थांबवलं. मला त्याचं सोयरसुतक नाही. माझ्या पट्टीखाली कोड आहे, आणि तो अजून कुणी वाचलेला नाही.

"भाऊ, चावी?" बाहेरून हाक आली. चावी दाराच्या मागं खिळ्यालाच होती.

आंतोनच्या घरात शिरलं की आधी शिंक येते. त्याच्या मांयच्या खोलीत छपरातून उजेडाचे चार ठिपके जमिनीवर पडले होते. माणूस म्हणाला, शंभरेक कौलं तरी बदलावी लागतील, एक वासाही गेलाय. मी तिथूनच आंतोनला फोन लावला. कार्डाचं सांगणार होतो, पण आधी कौलांचं निघालं.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, घर काढायचं म्हणतोय. गिऱ्हाईक दिल्लीचं आहे, फोटोवरूनच पसंत केलंय.

"मग कौलं?"

"घाल रे," तो म्हणाला. "हो पावस तरी वचूं दी."