मान ठणठणीत आहे हो!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोसायटीत, भजनी मंडळात, परवा लग्नातसुद्धा तोच प्रश्न: "काकू, मान आखडलीय का? हाक मारली की आधी थांबता आणि मग अख्ख्या वळता." पाठोपाठ उशी बदला, तेल चोळा, हेही आलंच.

मान ठणठणीत आहे. बसल्या जागी दोन्ही खांद्यांवरून मागे बघून दाखवते. घोटाळा होतो तो चालताना.

दोन वर्षांपूर्वी मंडईत कुणीतरी मागून "बाई!" अशी हाक मारली. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे "बाई" ऐकलं की मान आपसूक वळते. मान वळली, पाय पुढेच निघालेले. पाऊल भलतीकडे पडलं आणि मी टोमॅटोच्या हातगाडीला मिठी मारली. बिचाऱ्या गाडीवाल्याने टोमॅटो वेचायचे सोडून आधी मला पाणी दिलं. त्या दिवसापासून शरीराने मला न विचारता ठरवून टाकलं: चालताना डोकं खांद्यांशी बांधून ठेवायचं.

एक करून बघा. मोबाईल स्थिर धरा आणि वाचता वाचता डोकं "नाही नाही" असं हलवा. अक्षरं दिसतात. आता डोकं स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने मोबाईल हलवा. सगळं पुसट! डोकं हललं की डोळे तितकेच उलट दिशेला फिरतात, ही कानाची करामत. प्रत्येक कानात आत तीन वळणदार नळ्या, त्यांत द्रव. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, आतल्या पेशींवरचे बारीक केस वाकतात आणि आपल्याला कळायच्या आत डोळ्यांना निरोप जातो. वयाबरोबर या पेशी घटतात, गेलेल्या परत येत नाहीत. त्यात तळव्यांची जाणीव बोथट, आणि बायफोकलच्या खालच्या काचेतून पायरी धूसर. मग मेंदू हिशेब सोपा करतो, डोकं आणि धड एकच ओंडका.

पण हा सौदा महागात पडतो. माझी आई डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवरून यायची. कमरेखाली सगळं हलायचं, हंडा मात्र एका रेषेत. मान ताठ धरून ते जमत नसे, तिची मान पावलागणिक बारीक बारीक जुळवून घ्यायची. ओंडका झाला की धडाचा प्रत्येक हेलकावा थेट डोक्यात पोहोचतो.

शेजारच्या वहिनींना कूस बदलली की घर गरगर फिरायचं, ते वेगळं. त्यांच्या कानातले चुन्याचे कण जागा सोडून नळीत शिरले होते, डॉक्टरांनी डोकं विशिष्ट तऱ्हेने वळवून ते जागेवर नेले. माझं घर फिरत नाही, मीच डुलते. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरते. आरतीनंतर "घालीन लोटांगण"ची गिरकी आता पाच-सहा पावलांत, डोळे उघडे ठेवून. देवाने अजून तक्रार केलेली नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी उपाय उलटाच दिला: मान हलवा. रोज सकाळी कालनिर्णयवरच्या तारखेवर नजर रोवून डोकं डावी-उजवीकडे. नातू विचारतो, "आजी, कुणाला नाही म्हणतेयस?" संध्याकाळी मजल्याच्या पॅसेजमध्ये चालायचं, एक पाटी डावीकडची वाचायची, एक उजवीकडची. जाळीच्या दारांतून लोक माझ्याकडे संशयाने बघतात.