किर्दीतला गूळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला पहिल्यांदा आठवला तो शनिवारचा मोडी लिपीचा तास. शाळा सुटली की इतिहासाच्या बाई आम्हा मोजक्या पोरापोरींना थांबवून घ्यायच्या. त्याला मार्क नव्हते, सर्टिफिकेट नव्हतं, तरी आम्ही बसायचो कारण बाई फार जीव लावून शिकवायच्या.

पुढं बी.कॉम. करून कोल्हापुरात शाहूपुरीत एका गुळाच्या अडत दुकानात हिशेबाला लागलो. तिथं माळ्यावरचे जुन्या किर्दींचे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्यांचे, गठ्ठे रद्दीत निघालेले, सहज एक उघडली तर आत सगळी मोडी आणि मला ती वाचता येत होती! कुठल्या गावचे गुळाचे किती रवे (ढेपा) आले, काय दरानं गेले, हमाली किती, तोलाई किती. शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली हे शाळेत पाठ केलेलं, पण त्या पेठेत माल कुणाच्या शेतातून यायचा ते इथं दिसलं. गठ्ठे मालकांकडून मागून घेतले आणि रात्री बसून वाचत गेलो, त्यातूनच पेपरात लिहायला लागलो, नाहीतर निबंध म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

मग गुऱ्हाळं फिरलो. उसाचा रस काहिलीत उकळतो, रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती काढत राहायची, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. रस ११८-१२० डिग्रीला आला की काहील उतरवायची, पण गुळव्याकडं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराकडं, थर्मामीटर नसतो हो, तो पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि "उतरवा" म्हणतो. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळपट पडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचा अभिमान आहेच, पण या गुळव्यांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत, किर्दीतसुद्धा शेतकरी आणि व्यापारीच. मला ते फार लागतं. तांबडा-पांढरा रस्सा म्हणजेच कोल्हापूरचं खाणं असं धरून चालणाऱ्यांनी एकदा तरी गुऱ्हाळावर जाऊन गरम काकवी खावी.

आपल्यापैकी कुणाच्या घरी गुऱ्हाळाच्या जुन्या वह्या, पावत्या, फोटो असतील तर प्लीज रद्दीत घालू नका, मला कळवा, मी स्वतः येऊन वाचून देतो. आणि घरात कुणी गुळव्या होतं त्यांनी तर नक्की कळवा, आजोबांचं नाव, गाव, कुठल्या गुऱ्हाळावर होते, आठवेल तेवढं.