अपघाताचा व्हिडिओ ग्रुपवर येतो तेव्हा

सोलापूर-धुळे महामार्गावर अपघात झाला की जखमीला पाणी मिळायच्या आधी मोबाईल वर होतात. पोरं मुळात निर्दयी नसतात. रक्त रोज बोटाखालून सरकलं की पहिल्यांदा पोटात कालवतं, मग ते थांबतं, आणि थांबलेलं घरात कुणाला कळत नाही. बीडमध्ये आई-बाप ऊसतोडीला गेलेले, घरी आजी. फोन आई-बापांशी बोलायला दिलेला. त्यात काय येतं हे आजीला कसं कळणार?

आधी एवढं करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडा आणि मोबाईल डेटा, वायफाय, रोमिंग या तिन्हींत फोटो-व्हिडिओच्या खुणा काढा. नुसतं मोबाईल डेटाचं बंद करून भागत नाही, वायफाय लागलं की सगळं आपोआप उतरतं. मग ‘चॅट्स’मध्ये मीडिया व्हिजिबिलिटी, म्हणजे उतरलेलं फोनच्या गॅलरीत दिसणं, बंद करा.

‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ ही पळवाट नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख छापली वा पसरवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली २ वर्षांपर्यंत कैद आहे. अफवेचं तर विचारूच नका. धुळे जिल्ह्यात, राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून ५ जणांना जमावाने ठेचून मारलं, आणि त्याचेही व्हिडिओ फिरले.

रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं तर त्याच फोनवरून १०८ लावा. गाव, फाटा, किलोमीटरचा दगड सांगा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ संरक्षण देतं. नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही. हे पोरांना दहावीच्या आत माहीत हवं.