तुम्ही विचारलंत म्हणून: "ही पर्स विकली तर किती येतील गं?"

हा प्रश्न मला आठवड्यातनं दोनदा तरी येतो आणि गंमत म्हणजे विचारणारी बाई आकडा मनात धरूनच विचारते. लाखाची पर्स असली तर तिच्या मनात सत्तर असतात, अगदी पडती बाजू धरली तर साठ, आणि मी पस्तीस म्हटलं की ती माझ्याकडे अशी बघते जसं काय उरलेले पैसे मीच पदराखाली लपवलेत. म्हणून एकदा नीट लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

मी बेळगावच्या टिळकवाडीत राहते, दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, आणि गेली तीनेक वर्षं ओळखीतल्या बायकांच्या ब्रँडेड पर्सा ऑनलाइन विकून देते. धंदा म्हणण्याइतकं काही नाही, वर्षाला वीस-पंचवीस. बेळगावात एवढ्या पर्सा आल्या कुठनं असं काही जण विचारतात, तर कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची जाऊ लंडनला, कुणाचा भाचा न्यू जर्सीला, सुट्टीला येताना आणतात, आपण "कशाला एवढा खर्च" म्हणत घेतो आणि मग ती पर्स कपाटात वरच्या फळीवर तिच्या पांढऱ्या पिशवीत पडून राहते. इथं विकायचा प्रश्नच नाही, कारण त्याच नक्षीची पर्स खडेबाजारात चारशेला लटकलेली असते आणि खरी कुठली खोटी कुठली बघणाऱ्याला काय कळतंय, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं मुंबई, दिल्ली, हैदराबादकडचं. (ॲपमध्ये पत्ता टाकताना बेळगाव शोधलं तर सापडतच नाही, 2014 पासनं बेळगावी झालंय ना, ते एक रडगाणं वेगळंच.)

आता मी हे शिकले कसं तर स्वतःचं बोट भाजून. 2017 साली आम्ही पुण्यात नोकरीला होतो आणि ऑफिसतर्फे मला दहा दिवस मिलानला जायला मिळालं. शेवटच्या दिवशी एका मोठ्या नावाच्या दुकानात शिरले, नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही, हौस माझी होती, आणि मोरपिशी रंगाची एक पर्स घेतली 1,150 युरोला. तेव्हा युरो चौऱ्याहत्तरच्या आसपास, म्हणजे पंच्याऐंशी हजार, विमानतळावर टॅक्सचे थोडे परत मिळाले ते वजा करून पंच्याहत्तर धरा. दुकानातली मुलगी म्हणाली हा रंग ह्याच सीझनला आहे, परत यायचा नाही. मला वाटलं वा, म्हणजे दुर्मीळ माल. आता वाटतं तिनं मला खरंच सांगितलं होतं, मीच उलटं ऐकलं. जो रंग कंपनीच परत काढत नाही तो पाच वर्षांनी शोधत कोण येणार? काळा, बेज, तपकिरी, हे तीन रंग झोपेत विकले जातात, बाकीच्याला नशीब लागतं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. मी ती पर्स वापरलीच नाही. म्हणजे ठरवून नाही वापरली. डोक्यात होतं की चांगली ठेवली तर कधीतरी पैसे वसूल होतील, म्हणून पावसात न्यायची नाही, रिक्षात न्यायची नाही, हॉटेलात खाली ठेवायची नाही, लग्नात हळदीचे हात लागतील म्हणून तिथं पण नाही. आमची आई शहापूरची, तिची जीभ काही थांबत नाही, ती एकदा म्हणाली, "अगं लग्नात नाही, बारशाला नाही, मग काय मयताला नेणार आहेस होय ती?" मोजून अकरा वेळा बाहेर निघाली असेल पाच वर्षांत. मग लॉकडाऊन, मग आम्ही परत बेळगावला आलो, आणि 2022 ला पोरीच्या फीच्या वेळी म्हटलं चला, आता वसूल करू.

वापरलेल्या ब्रँडेड पर्सा ऑनलाइन विकून देणाऱ्यांना फोटो पाठवले तर त्यांनी 34 ते 38 हजाराचा अंदाज दिला. पर्स पोचल्यावर म्हणाले मागचा एक कोपरा घासलाय आणि पट्ट्याच्या कडेचा रंग तडकलाय, 31 ला लावू. चार महिन्यांनी विकली गेली आणि कमिशन, हे, ते कापून हातात आले 21,700. पट्ट्याची कड कशानं तडकली माहितीय? पडून राहून. कडेला तो जो जाडसर रंग लावलेला असतो तो आपल्या हवेत नुसता ठेवून ठेवून पण चिकट होतो, तडकतो. जिला जपायला म्हणून कपाटात ठेवली ती कपाटातच खराब झाली, आणि रोज वापरली असती तरी त्या 21 चे फार तर 17 झाले असते. त्या चार हजारासाठी मी पाच वर्षं राखण केली. नवरा म्हणाला त्रेपन्न हजाराचा तोटा, मला ते त्रेपन्न एवढे नाही लागले जेवढे हे चार लागले.

आणि मग मी एक वेडेपणा केला जो तुम्ही पण कराल म्हणून सांगते, आठ दिवस रात्री जागून तसल्याच पर्सांच्या किमती बघत बसले. सगळीकडे पंचावन्न, साठ, एकीकडे तर अडुसष्ट. आपल्याला फसवलं असं वाटून डोकं फिरायची वेळ आली. मग हळूहळू उजेड पडला की जी किंमत आपल्याला दिसते ती न विकल्या गेलेल्या पर्सची असते की, कुणी घेतली नाही म्हणून तर ती तिथं दिसतेय. त्यातली अडुसष्टवाली पुढं वर्षभर तिथंच होती, मी मधेमधे जाऊन तब्येत विचारल्यासारखी बघून यायचे.

विचारणाऱ्यांना मी आता सराफ गल्लीची गोष्ट सांगते. आपण बांगडी मोडायला नेतो तेव्हा काय होतं? सराफ घडणावळ सोडून देतो, थोडी घट धरतो आणि सोन्याचे पैसे मोजतो, आणि आपण भांडत नाही, कारण घडणावळ गेली हे आपल्याला आजीपासनं माहीत असतं. आता पर्स मोडली तर आत काय निघतं ते बघा. लुई व्हिटॉनची ती तपकिरी, अक्षरांची नि फुलांची, सगळ्यात ओळखीची, ती नक्षी 1896 ची आहे, पण ती मुळात चामडं नव्हेच, सुती कॅनव्हासवर पीव्हीसीचा थर आहे, खरं चामडं फक्त हँडलला आणि काठाला. हे सांगितलं की निम्म्या बायकांचा चेहरा पडतो. म्हणजे सोनं असं त्यात नाहीच, सगळी घडणावळ आणि नाव. आणि नावाचे पैसे काचेच्या दरवाजाच्या आत असेपर्यंत पूर्ण. आपल्याकडं तर हे समजायला लांब जायला नको, 2025 च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटलीच्या बड्या कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गवगवा झाला, मग डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून 2,000 जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचं ठरलं, एका जोडाची किंमत साधारण 800 युरो. अथणीत, आपल्याच जिल्ह्यात, पिढ्यान्‌पिढ्या ह्याच चपला शिवणारी घरं आहेत, त्यांच्या दारात काय भावानं मिळते ते मी सांगायला नको. मधला फरक चामड्यात शोधू नका.

"पण अगं ती बर्किनची बातमी?" होय, ती बातमी. जुलै 2025 मध्ये पॅरिसला जेन बर्किन ह्या नटीची मूळ पर्स, म्हणजे एर्मेस ह्या फ्रेंच कंपनीच्या पर्सला जिचं नाव पडलं तिची स्वतःची, लिलावात 86 लाख युरोला गेली, आपले 86 कोटी म्हणा. त्या आठवड्यात मला सतरा फोन. पण ती पर्स म्हणजे बाईचा इतिहास होता, तिच्या पट्ट्याला अजून नेलकटर लटकत होतं. साध्या बर्किनला पण दुकानाबाहेर जास्त भाव येतो हे खरं, कारण दुकानवाले ती आलेल्या गेलेल्याला देतच नाहीत, मोठं गिऱ्हाईक असावं लागतं. शॅनेलची ती साखळीवाली फ्लॅप, म्हणजे झाकणाची पर्स, 2019 ला पाच-सहा हजार डॉलरची होती ती 2024 पर्यंत दहा हजाराच्या वर गेली, त्यामुळे ज्यांनी आधी घेतली त्यांचं बरं झालं. पण आपल्याकडं येतात त्या कुठल्या? जास्त करून कोच आणि मायकेल कोर्स, ज्या अमेरिकेत आउटलेटमध्ये बाराही महिने सूट देऊन विकतात, मग नवीच निम्म्यात मिळत असताना तुमची वापरलेली कोण घेणार? अशा पर्सला मी सरळ सांगते, बहिणीला द्या, नाव तरी होईल.

एक आपल्या गावचा खास मुद्दा, पाऊस. चार महिने कपाटाला दमट वास, त्यात आपण पर्समध्ये डांबर गोळ्या टाकून ठेवतो. नका टाकू. तो वास महिनोन्‌महिने जात नाही आणि मुंबईवाली पिशवी उघडल्या उघडल्या नाक मुरडून दोन-तीन हजार कमी करते. वर्तमानपत्रं पण कोंबू नका, शाई लागते, जुनं पांढरं सुती धोतर फाडून भरा आणि प्लास्टिकमध्ये बांधू नका, बुरशी धरते. बिल जपा. बस्स, ह्यापलीकडं तुमच्या हातात फार काही नाही.

मग वाईट वाटतं त्याचं काय, हा पोटप्रश्न असतोच. आमच्या लहानपणी दारावर बोहारीण यायची, आई तिला सहा जुन्या साड्या द्यायची आणि एक पातेलं घ्यायची, तास-तासभर घासाघीस चालायची पण पातेलं आत आलं की आई दिवसभर खुशीत. एकदा पण तिनं म्हटलं नाही की ह्यातली इरकल केवढ्याची होती. ती नेसून झाली होती ना. माझ्याकडं येणाऱ्यांत पण हेच बघते, जिनं पर्स दणकून वापरली ती अठरा हजार आले तरी "असूदे की" म्हणते, आणि जिची कोरी आहे ती साठ हजारावर पण रुसते. म्हणून मी आता आकडा सांगायच्या आधी विचारते, पैशाची नड आहे काय? नड असली तर आल्या भावाला देऊन मोकळं व्हा, परत त्या ॲपवर बघायला जाऊ नका. नसली तर विकताय कशाला?

मागच्या जुलैत हिंदवाडीतल्या एक वैनी आल्या होत्या, लुई व्हिटॉनची स्पीडी नावाची पर्स घेऊन. पुतण्यानं 2019 ला दुबईच्या मॉलमधनं नवी आणली, लाखाची आहे, म्हणाल्या. मी आतल्या खिशात बॅटरी मारली. ह्या पर्सांत खिशाच्या कडेला चामड्याची एवढीशी पट्टी असते आणि तिच्यावर दोन इंग्रजी अक्षरं नि चार आकडे दाबलेले असतात, 2021 पासनं ते बंद करून चिप घालतात, पण ही जुनी होती. आकडे होते 3142. पहिला नि तिसरा मिळून आठवडा, दुसरा नि चौथा मिळून साल. चौतिसावा आठवडा, 2012. पर्स खरी होती, शिलाई बघितली, सगळं बघितलं. पण सात वर्षं जुनी पर्स कुठल्या मॉलमध्ये नवी म्हणून मिळत नाही, म्हणजे पुतण्यानं पण कुणाकडनं तरी वापरलेलीच घेतली होती.

वैनी माझ्याकडं बघत होत्या. मी बॅटरी बंद केली आणि म्हटलं पर्स अस्सल आहे, बत्तीसपर्यंत येतील. सालाचं बोलले नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, चहा घेतला, मग म्हणाल्या, "बत्तीसच? पोरगं एवढं प्रेमानं आणलंय, बत्तिसाला काय द्यायची गं." आणि टेबलावरचा कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा, जो माझ्यासाठीच आणला होता असं मला वाटत होतं, तो पण पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि ॲक्टिव्हाला पुढं हुकाला अडकवून झिमझिम पावसात गेल्या.

आठ दिवसांनी फोन. रोज नेतेय म्हणाल्या, भाजीला पण, मंदिरात पण, पण हँडलच्या त्या फिक्या चामड्यावर पावसाचे थेंब उठलेत, काळे काळे.

"जातील काय गं ते?"

"जायचे नाहीत, वैनी."

"असूदे मग," म्हणाल्या, आणि कुंद्याचं विसरलेच म्हणून हसत सुटल्या.