लिंकर कुठला चाललाय?

आज बेळगावात उद्यमबागेतल्या ऑफिसात दिवसभर विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) वापरून एक सी++ प्रोजेक्ट बिल्ड करत होतो, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवत होतो. कंपाइल (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर) सगळं सुरळीत व्हायचं, लिंकिंगला (ते तुकडे जोडून एक प्रोग्राम करणं, हे काम लिंकरचं) आलं की 'एक्स्ट्रा ऑपरंड' असा एरर देऊन बंद. खानापूरहून येणारी आमची नवी सहकारी म्हणाली, "दादा, हा एरर व्हिज्युअल स्टुडिओचा वाटतच नाही की. त्याच्या लिंकरचे एरर तर 'एलएनके' या अक्षरांनी सुरू होतात." किती बारीक नजर! मला मनापासून कौतुक वाटलं.

मग 'व्हेअर लिंक' कमांड दिली, म्हणजे 'लिंक' नावाचा प्रोग्राम कुठं कुठं आहे ते विचारलं. दोन लिंक डॉट ईएक्सई निघाले. आम्ही गिट बॅशमधून (विंडोजवर युनिक्ससारख्या कमांड देण्याची खिडकी) बिल्ड करत होतो आणि तिथं याच नावाचा एक छोटा युनिक्स प्रोग्राम असतो, हार्ड लिंक (एकाच फाइलला दुसरं नाव) बनवणारा. पाथमध्ये (कॉम्प्युटर प्रोग्राम शोधतो त्या फोल्डरांची यादी) जो आधी सापडेल तो चालतो, त्यामुळं खऱ्या लिंकरपर्यंत गाडी पोचतच नव्हती. सीमेकचा (बिल्डची मांडणी करणारं टूल) जुना कॅश, म्हणजे साठवलेली आधीची माहिती, पुसला, व्हिज्युअल स्टुडिओची 'एक्स ६४ नेटिव्ह टूल्स' प्रॉम्प्ट ही कमांडची खिडकी उघडून तिथून बिल्ड केलं. झालं.

आपल्याकडची बरीच मुलं अशा वेळी मोबाइलच्या नेटवर कित्येक जीबी परत उतरवून सगळं नव्यानं इन्स्टॉल करतात. फार वाईट वाटतं. पाथचा क्रम तसाच राहिला तर एररही तोच येणार.

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं कुणी अडलं असेल तर इथं लिहा. फक्त शेवटची ओळ नको, पहिला एरर पूर्ण द्या.